जाग आणि भान : मेंदूच्या विद्युत्-आलेखाची साक्ष आणि मराठी रुग्ण

अरुणा शानबाग यांचे नाव महाराष्ट्राच्या स्मरणात एका ठरावीक वाक्याने राहिले आहे : 'त्या बेचाळीस वर्षे कोमात होत्या.' परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच हल्ला झाला, गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात परिचारिकांच्या शुश्रूषेत राहिल्या. हा सर्व तपशील खरा आहे. त्याला चिकटलेला 'कोमा' हा शब्द मात्र खरा नाही. कोम्यातील माणसाचे डोळे मिटलेले असतात, तो उठवून उठत नाही, आणि ही अवस्था सामान्यतः काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर रुग्ण दगावतो, सुधारतो किंवा दुसऱ्याच एका अवस्थेत जातो. अरुणाबाईंचे डोळे उघडे असत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या समितीने २०११ मध्ये त्यांना तपासले, तेव्हा त्या जाग्या होत्या. परंतु आसपासच्या जगाची जाणीव त्यांना असल्याचे समितीला दिसून आले नाही. मासे किंवा कोंबडीचे सूप मिळाले की चेहऱ्यावर आनंद दिसतो, नको असलेले अन्न त्या थुंकून टाकतात, अशाही नोंदी त्याच अहवालात आहेत. समितीचा निष्कर्ष असा की कायम वनस्पतिवत् अवस्थेचे 'बहुतेक' निकष त्या पूर्ण करतात. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्यापुरती याचिका फेटाळली आणि जीवरक्षक उपचार काढून घेण्यास, उच्च न्यायालयाच्या अनुमतीच्या अटीवर, देशात प्रथमच वाट करून दिली.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या निकालातील 'बहुतेक' या एका शब्दाच्या आसपास घोटाळतो. जो माणूस बोलत नाही, हात हलवीत नाही, त्याच्या ठायी भान आहे की नाही हे दुसऱ्याने कशावरून ठरवावे? गेल्या दोन दशकांत या प्रश्नाच्या उत्तरासाठी मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आधार घेतला जाऊ लागला आहे, आणि त्यातील बऱ्याचशा कसोट्या भाषेच्या आहेत. रुग्णाच्या कानी काही उच्चारले जाते आणि त्याच्या मेंदूने ते ओळखले की नाही हे पाहिले जाते. तेव्हा हा विषय केवळ वैद्यकाचा राहत नाही. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तेथे काम आहे. किंबहुना तो तेथे नसल्यामुळे काही चुका होण्याचा संभव आहे, असे मला वाटते.

प्रथम शब्दांविषयी. इंग्रजीत एकाच शब्दाखाली जे दोन अर्थ दडपले जातात ते मराठीत अगोदरच निराळे झालेले आहेत. झोपेतून उठणाऱ्याला 'जाग' येते. कीर्तनात रंगलेल्याचे 'भान' हरपते. पण तो जागाच असतो. जाग ही मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातील जाळ्यावर अवलंबून आहे, तर भानाला बृहन्मस्तिष्काची बाह्यत्वचा आणि थॅलॅमस यांचा परस्परव्यवहार शाबूत असावा लागतो. त्यामुळे एक राहून दुसरे जाऊ शकते. जाग आहे पण भानाची खूण नाही, या अवस्थेला ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये वनस्पतिवत् अवस्था असे नाव दिले. ते नाव रूढ झाले आणि त्याबरोबर त्याचा दंशही रूढ झाला. आपल्या माणसाला वनस्पती म्हटलेले कोणत्या आईला रुचेल? २०१० मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी त्याऐवजी जे नाव सुचविले त्याचा मराठी अर्थ 'निष्प्रतिसाद जागृती' असा होईल. हे नाव मला अधिक प्रामाणिक वाटते. कारण डॉक्टरला जे दिसले तेवढेच ते सांगते, रुग्णाच्या अंतरंगाविषयी निवाडा देत नाही. २००२ मध्ये 'न्यूनतम भान' ही मधली अवस्था व्याख्येत आली. यात रुग्ण कधी नजरेने माग काढतो, कधी आज्ञा पाळतो, कधी काहीच करीत नाही. याच्या पलीकडे, भान पूर्ण पण शरीर पूर्ण निश्चल आणि बहुधा केवळ डोळ्यांची उघडझाप हाती उरलेली, अशी बंदिस्त अवस्था आहे. 'कायम' या विशेषणाचेही असेच झाले. काही रुग्ण फार उशिरा सुधारतात असे दिसून आल्यावर अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये ते टाकून 'दीर्घकालीन' हे विशेषण स्वीकारावे अशी शिफारस केली. निदानातील विशेषण हे भाकीत असते, आणि भाकितावर उपचार चालू राहणे वा थांबणे अवलंबून असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही शब्दांची उठाठेव वाटत नाही.

शय्येपाशी करावयाच्या तपासणीची सर्वांत काटेकोर श्रेणी २००४ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली. श्रवण, दृष्टी, हालचाल, मुखक्रिया, संवाद आणि जागृती अशा सहा विभागांत मिळून तेवीस गुण. रुग्णासमोर आरसा हलवून त्याची नजर स्वतःच्या प्रतिबिंबामागे जाते का हे पाहणे, ही त्यातील एक साधी पण फार उपयोगी कसोटी. २००९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी असे दाखविले, की नेहमीच्या वैद्यकीय एकमताने वनस्पतिवत् ठरविलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत या श्रेणीने तपासले असता भानाच्या खुणा सापडल्या. चाळीस टक्क्यांहून अधिक चूक! आणि ही चूक यंत्राविना, केवळ पद्धतशीर पाहण्याने उघडकीस आली. म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वी हे सांगणे अवश्य आहे, की जेथे ही श्रेणी वारंवार, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी लावली जात नाही, तेथे यंत्र आणून फारसा लाभ नाही.

तथापि श्रेणीलाही एक मर्यादा आहे. 'हात वर करा' असे म्हटल्यावर हात वर होण्यास ऐकू यावे लागते, मराठी समजावे लागते, आज्ञा क्षणभर स्मरणात ठेवावी लागते, इच्छा व्हावी लागते, आणि शेवटी स्नायूंनी ऐकावे लागते. ही साखळी कोठेही तुटली तरी बाहेर दिसते ते एकच : स्वस्थता. डाव्या मस्तिष्कार्धाला इजा होऊन वाचाघात झालेला रुग्ण पूर्ण भानावर असूनही आज्ञा पाळणार नाही, कारण आज्ञा त्याच्यापर्यंत अर्थ म्हणून पोहोचतच नाही. लहरींच्या आलेखाकडून अपेक्षा एवढीच, की या साखळीतील शेवटचा दुवा, म्हणजे स्नायू, त्याने वगळावा.

हा आलेख म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरी प्रथम नोंदविल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. डोक्याच्या त्वचेवर ठरावीक अंतरांवर, १९५८ पासून सर्वमान्य झालेल्या दहा-वीस टक्क्यांच्या मापनपद्धतीनुसार, बहुधा एकवीस पत्र्या चिकटवितात. मिळणारा दाब काही दशक मायक्रोव्होल्टचा, म्हणजे हृदयाच्या आलेखापेक्षाही पुष्कळच क्षीण असतो. सेकंदाला चारांहून कमी आवर्तनांच्या लहरी डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, त्यापुढच्या बीटा. निरोगी माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला की मस्तकाच्या मागील भागी अल्फा लहरी उमटतात आणि डोळे उघडताच मावळतात; हे बर्गर यांनीच पाहिले होते. रुग्णालयांत सर्वांच्या तोंडी असलेला ई. ई. जी. हा शब्द याच आलेखासाठी आहे.

गंभीर रुग्णाच्या बाबतीत या साध्या आलेखाचा पहिला उपयोग अगदी रोकडा आहे. कित्येकदा रुग्ण निश्चल पडलेला असतो, पण मेंदूत अपस्माराचा झटका अखंड चालू असतो. अंगावर त्याची खूण नसते. आलेखाशिवाय तो कळत नाही, आणि कळला तर त्यावर औषध आहे. दुसरा उपयोग प्रतिसादक्षमता पाहण्याचा : हाक मारली, टाळी वाजविली, नखावर दाब दिला, तर लहरींचे स्वरूप बदलते का? बदलते तर ते चांगले लक्षण. केवळ लहरींच्या जातीवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. हृदय थांबून मेंदू होरपळलेल्या काही रुग्णांत अल्फा लहरीच सर्वत्र पसरलेल्या दिसतात, पण त्या हाकेला मावळत नाहीत; तो गाढ कोमाच असतो. आणखी एक गल्लत येथे दूर करावी. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू ही वेगळी गोष्ट आहे. तेथे जागही नाही, भानही नाही आणि श्वासही नाही. भारतात १९९४ च्या अवयवरोपण कायद्यानुसार ते प्रमाणित करताना या आलेखाची सक्ती नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. २००६ मध्ये केंब्रिज येथे एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांनी अपघातानंतर पाच महिने निष्प्रतिसाद असलेल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणीला चुंबकीय प्रतिमायंत्रात ठेवून सांगितले : मनातल्या मनात टेनिस खेळा; आता मनातल्या मनात आपल्या घरातून फिरा. दोन्ही वेळी तिच्या मेंदूचे जे भाग उजळले ते निरोगी माणसाप्रमाणेच होते. शरीराने तिने काहीच केले नव्हते. मनाने आज्ञा पाळली होती. परंतु ते यंत्र अवजड आणि महाग आहे, रुग्णाला त्याच्याकडे न्यावे लागते, अंगात धातू असल्यास अडचण येते. विद्युत्-आलेखाचे यंत्र उलट रुग्णाच्या खाटेपाशी येते. २०११ मध्ये डेमियन क्रूज यांनी ओवेन यांच्यासह वनस्पतिवत् ठरविलेल्या १६ रुग्णांना हाताची मूठ आवळण्याची व पायाची बोटे हलविण्याची कल्पना करावयास सांगितले आणि तिघांच्या आलेखांत तसा फरक सापडल्याचे प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने त्याच सामग्रीच्या सांख्यिकीवर गंभीर आक्षेप घेतले, आणि तो वाद पूर्ण मिटला असे म्हणता येत नाही. माझ्या मते त्या लेखातील खरी शिकवण तिसऱ्याच ठिकाणी आहे. तुलनेसाठी घेतलेल्या १२ निरोगी व्यक्तींपैकी तिघांच्या आलेखांत काहीच सापडले नाही. ती माणसे पूर्ण भानावर होती, तरी यंत्राने त्यांना ओळखले नाही.

पुढील काम यापेक्षा मोठ्या प्रमाणावर झाले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधील यान क्लासेन आणि सहकाऱ्यांनी नुकतीच मेंदूला इजा झालेल्या १०४ निष्प्रतिसाद रुग्णांना हात उघडण्या-मिटण्याच्या आणि थांबण्याच्या आज्ञा कानावर देऊन आलेख तपासले. १६ जणांच्या मेंदूने आज्ञा आणि विश्रांती यांत फरक केला होता. वर्षभरानंतर या १६ पैकी ७ जण दिवसाचे किमान आठ तास स्वतःच्या बळावर राहू शकत होते. ज्यांच्या मेंदूने तो फरक दाखविला नव्हता अशा ८४ जणांपैकी १२ जणच. २०२४ मध्ये अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात शय्येपाशी आज्ञा न पाळणाऱ्या २४१ पैकी ६० जणांच्या मेंदूने, प्रतिमा किंवा आलेख यांत, आज्ञा पाळल्याचे दिसले. चौघांत एक! पण त्याच अभ्यासात जे ११२ रुग्ण शय्येपाशी उघडपणे आज्ञा पाळत होते, त्यांपैकी केवळ ४३ जण या यांत्रिक कसोटीस उतरले. याचा तर्कशास्त्रीय अर्थ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. होकार मिळाला तर तो साक्ष आहे. नकार मिळाला तर तो केवळ साक्षीचा अभाव आहे. अभावाची साक्ष नव्हे.

येथून पुढे भाषेचा भाग सुरू होतो आणि तो मराठीपुरता बहुतांशी अस्पर्श आहे.

सर्वांत सोपी कसोटी रुग्णाच्या नावाची. इतर नावांच्या मालिकेत अधूनमधून त्याचे स्वतःचे नाव येते आणि त्यानंतर सुमारे तीन दशांश सेकंदांनी मोठी धन लहर उमटते का ते पाहतात. झोपेतही स्वतःच्या नावाला मेंदू निराळा प्रतिसाद देतो हे १९६० पासून ठाऊक आहे, म्हणून ही कसोटी भान सिद्ध करीत नाही. ओळख मात्र दाखविते. पण नाव कोणते? प्रस्तुत लेखकाचे गाव पिंगळी. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. अशा गावातील सत्तर वर्षांची एखादी बाई रुग्णालयात दाखल झाली, तर नोंदवहीत तिचे सासरचे नाव असेल. लग्नात नाव बदललेले असल्यास माहेरचे नाव निराळे. आणि पन्नास वर्षांत या दोहोंपैकी कोणत्याही नावाने तिला कोणी रोज हाक मारली असेल असे नाही. ती मुलांची 'माय', सुनांची 'आत्याबाई', शेजारणींची अमक्याची आई. नवरा तर नाव घेतच नसे. आधारपत्रावरील नाव परक्या आवाजात ध्वनिमुद्रित करून तिच्या कानी घातले आणि लहर उमटली नाही, तर आपण काय सिद्ध केले? उलट एखाद्या पुरुषाला गावभर 'बापू' म्हणत असतील; पण 'बापू' हे तुलनेच्या मालिकेतील अनोळखी नावांतही येऊन बसण्याचा संभव. म्हणून यंत्र लावण्याआधी घरच्या माणसांना विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की 'यांना घरात कोण, काय म्हणून हाक मारते?' आणि हाक शक्यतो त्याच आवाजात मुद्रित करावी.

दुसरी कसोटी ध्वनिभेदाची. एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकविला आणि मध्येच वेगळा आला, तर सुमारे दीड-दोन दशांश सेकंदांच्या आत ऋण लहर उमटते. तिच्यासाठी लक्ष देण्याचीही गरज नसते. रिस्टो न्याटानेन यांनी १९७८ मध्ये ती प्रथम वर्णन केली, आणि १९९७ मध्ये त्यांच्याच गटाने दाखविले, की मातृभाषेत अर्थभेदक असलेल्या स्वराला ती अधिक जोरकस असते. कोम्यातील रुग्णात ती आढळली तर जाग येण्याची आशा वाढते. मराठीसाठी सोयीची जोडी डोळ्यांसमोर आहे : 'काळ' आणि 'काल', 'बाळ' आणि 'बाल'. पिंगळी या नावातच तो ळ आहे, आणि हिंदीभाषकाच्या तोंडी ते नाव सहज 'पिंगली' होते. त्याच्या कानाला हा भेद मराठी माणसाइतका ठसठशीत नसतो. वऱ्हाडातील ज्या बोलीत 'डोळा' चा 'डोया' होतो, त्या बोलीच्या वृद्ध भाषकासाठी ही जोडी घेण्यापूर्वी विचार केला पाहिजे. परभणी-नांदेडकडे घरी दखनी बोलणारी कुटुंबे आहेत, तांड्यांवर गोरबोली आहे, तेलंगणाच्या कडेला तेलुगू आहे. रुग्णाची भाषा कोणती हे त्याच्या जिल्ह्यावरून ठरत नाही.

तिसरी कसोटी अर्थाची, आणि येथे माझा धंदा मला थोडा वेळ थांबावयास लावतो. वाक्याच्या ओघात न बसणारा शब्द आला की सुमारे चार दशांश सेकंदांनी ऋण लहर उमटते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये ती दाखविली. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे विसंगती नेमकी वाक्याच्या अखेरीस ठेवता येते. हे सोयीचे, पण वाक्य संपताना मेंदू जी आवराआवर करतो तिची लहरही त्याच जागी मिसळते. अधिक मोठी अडचण आपल्या क्रियापदांच्या औदार्याची आहे. इंग्रजी नमुन्यावरून कोणी 'खाणे' या क्रियापदाची विसंगत वाक्ये रचावयास बसला, तर त्याला लवकरच कळून येईल, की मराठी माणूस शपथ खातो, मार खातो, पैसे खातो, डोके खातो, हवा खातो आणि पतंग गोते खातो. पाठ्यपुस्तकी मराठीत बिडी ओढतात. मराठवाड्यात कित्येक लोक बिडी पितात. 'त्याने बिडी प्यायली' हे वाक्य पुण्यात रचलेल्या यादीत विसंगत म्हणून बसेल, आणि पिंगळीच्या रुग्णाच्या मेंदूत विसंगतीची लहर उमटणार नाही. ती का उमटावी? त्याच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे. यादी करणारा मात्र लिहील, 'अर्थग्रहण आढळले नाही.' ज्या कसोटीत निरोगी व्यक्तींच्या एकेकट्या आलेखांतही ही लहर नेहमी सापडत नाही, तीत आपल्या अज्ञानाची भर घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चौथी कसोटी सर्वांत नवी आणि भाषाविज्ञानाला सर्वांत जवळची. २०१६ मध्ये नाय डिंग, डेव्हिड पोपेल आणि सहकारी यांनी चिनी भाषेतील एकाक्षरी शब्द सेकंदाला चार या एकसारख्या गतीने ऐकविले. दोन अक्षरांचा पदबंध आणि चार अक्षरांचे वाक्य. ध्वनीत केवळ चाराची लय होती. पण चिनी जाणणाऱ्यांच्या मेंदूत सेकंदाला दोन आणि सेकंदाला एक अशाही लयी उमटल्या, चिनी न जाणणाऱ्यांत उमटल्या नाहीत. म्हणजे वाक्यरचना ही श्रोत्याने मनात बांधलेली वस्तू आलेखात प्रत्यक्ष दिसली. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी हीच पद्धत भान हरपलेल्या रुग्णांवर वापरली आणि निदान व पुढील सुधारणा यांच्याशी तिचा संबंध असल्याचे दाखविले. रुग्णाने काही करावयाचे नाही, केवळ ऐकावयाचे. हा तिचा मोठा गुण.

ही पद्धत मराठीत आणावयाची तर काय होईल? आपले क्रियापद क्वचित् एकाक्षरी असते, म्हणून चार अक्षरांचे वाक्य बहुधा दोन-दोन अक्षरांच्या दोन शब्दांचे होईल : 'आई आली', 'गाडी गेली', 'दादा झोपला'. शेवटच्या शब्दात लिहिताना तीन अक्षरे दिसतात, पण उच्चारात 'झोप्-ला' अशी दोनच. यादी लिपीवरून न करता उच्चारावरून करावी लागेल, हा पहिला धडा. दुसरे असे, की सेकंदाला दोनची लय आता पदबंधाची राहिली नाही, शब्दाची झाली. ती दिसली तर शब्द ओळखले एवढेच म्हणता येईल. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. आपली भूतकाळी क्रियापदे 'ला', 'ली', 'ले' अशा मोजक्या प्रत्ययांवर संपतात. साठ वाक्ये एकापाठोपाठ ऐकविली तर प्रत्येक चौथे अक्षर 'ल'कारी येईल. आपले व्याकरणच यमक जुळवील. मग सेकंदाला एक ही लय मराठीचा गंधही नसलेल्या माणसाच्या मेंदूतही उमटेल, कारण ती ध्वनीतच असेल. तिच्यावरून वाक्य समजले असा निष्कर्ष काढणे ही शुद्ध फसगत होय. यावर उपाय आहे : निरनिराळ्या काळांची व अर्थांची रूपे मिसळावीत, वाक्याच्या आरंभीही 'ल'कारी शब्द घालावेत, आणि तीच अक्षरे क्रम मोडून ऐकवून तुलना करावी. हे काम मेंदूतज्ज्ञाच्या ध्यानात सहज येणारे नाही. ते आपले आहे.

आज्ञांविषयीही थोडे. इंग्रजीत आज्ञार्थाचे रूप एकच असते. मराठीत 'मूठ मिट' आणि 'मूठ मिटा' यांत रुग्णाचे वय, नाते आणि मान आहे. वृद्ध शेतकऱ्याला परक्या तरुण आवाजात 'हात उघड' असे सांगणे हा त्याचा अवमान होईल. शाळकरी मुलाला 'हात उघडा' म्हटल्यास ते वाक्य आपल्यासाठी आहे असे त्याला कदाचित् वाटणारही नाही. 'बाबा, उजव्या हाताची मूठ मिटा' असे संबोधनासह वाक्य हवे. कल्पना करावयास सांगतानाही केंब्रिजचे टेनिस येथे निरुपयोगी. ज्याने जन्मभर विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदले किंवा कापूस वेचला, त्याला त्याच हालचाली मनात करावयास सांगाव्यात. ओळखीच्या हालचालीची कल्पना मेंदूत अधिक स्पष्ट उमटते, हे तर खेळाडूंवरील प्रयोगांतूनही दिसले आहे.

या साऱ्याचा व्यवहारात उपयोग कोठे? युरोपातील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये शय्येपाशी तपासणी, आलेख आणि प्रतिमा यांचा एकत्र विचार करावा आणि त्यांपैकी ज्यात भानाची सर्वांत वरची पायरी दिसेल ती प्रमाण मानावी अशी शिफारस केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी करून निर्णय रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांकडे सोपविला. म्हणजे अरुणाबाईंच्या वेळी जो प्रश्न दिल्लीत एका याचिकेच्या निमित्ताने आला, तो आता नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील अतिदक्षता विभागांतही उभा राहू शकतो. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथेही तो येईल. मंडळापुढे नातेवाईक सांगतील, 'त्यांना आम्ही ओळखू येतो.' के. ई. एम. च्या परिचारिकाही अरुणाबाईंविषयी हेच सांगत होत्या. ही साक्ष भाबडी म्हणून झटकून टाकणे किंवा पवित्र म्हणून मान्य करणे, दोन्ही सोपे आहे. तिची नोंद करणे कठीण : कोण काय बोलले, कोणत्या शब्दांत, त्यानंतर किती वेळात रुग्णाने काय केले, आणि ते पुन्हा घडले का. अशी नोंद झाली तर ती कसोटीत रूपांतरित करता येते. त्याच शब्दांना, त्याच आवाजात, आलेख जोडता येतो. नातेवाइकांना मात्र आरंभीच सांगितले पाहिजे, की होकार आला तरी त्याचा अर्थ माणूस बरा होऊन घरी येईल असा होत नाही, आणि नकार आला तरी त्याला ऐकू येत नाही असे ठरत नाही.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यातून प्रबंधाचे निदान तीन विषय निघतात : परभणी-नांदेड भागात हाक मारण्याच्या शब्दांची पाहणी, बोलीनुसार विसंगत ठरणाऱ्या वाक्यांची, निरोगी ग्रामीण भाषकांकडून तपासून घेतलेली यादी, आणि चतुरक्षरी मराठी वाक्यांचा प्रत्ययांचे यमक मोडलेला संच. तिसऱ्याचा आरंभ मी केला आहे. पहिल्या दीडशे वाक्यांपैकी त्र्याहत्तर 'ला-ली-ले' मुळे बाद करावी लागली, आणि उरलेल्यांतील काही माझ्या आईने ऐकून 'असं कोण बोलतं?' म्हणून बाजूला काढली.